तिसऱ्या चौकोनातली खूण

१

नायजल फर्थला या व्यवहारात सहाशे पंधरा पौंड सुटणार होते. तो घरांचा दलाल. दीड टक्का त्याचा. कीथ लमला एक्केचाळीस हजार मिळणार होते, तेही अशा मावशीच्या घराचे, जिला तो आयुष्यात चारदा भेटला होता आणि त्यातली एक भेट तिच्या अंत्यविधीची होती. घर तपासून अहवाल देणाऱ्या सर्व्हेयर इंगमला त्याची फी मिळणार होती. बँकेला पंधरा वर्षं व्याज. आणि डोरीन क्लेगला, तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडून झाल्यावर, फुलर्स रो गल्लीतलं नऊ नंबरचं दगडी घर: दक्षिणेकडे उघडणारी खिडकी आणि मागे कपडे वाळत घालायला स्वतःची दोरी.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, दुपारी साडेतीनला, वारा सुटला आणि त्या घराचं धुराडं छपरातून खाली आलं. माळा फोडून, छत फोडून ते डोरीनच्या पलंगावर थेट निजलं. डोरीन रोज साडेतीनला तासभर पडायची. त्या दिवशी ती हेस्टर होलरॉइडच्या घरी चहाला थांबली होती, कारण हेस्टरने आल्याचा केक केला होता. तिच्या जिवाची किंमत एक केक झाली.

विमा कंपनीने चार दिवसांत कळवलं: वाऱ्याने चांगलं धुराडं पडलं असतं तर पैसे दिले असते. हे धुराडं मुळात कशावर उभंच नव्हतं. झोपायच्या खोलीतला विटांचा खांब कुणीतरी कधीकाळी काढून टाकला होता, आणि माळ्यावरचं दोन टन वजन चार फळकुटांवर आणि सवयीवर टेकलं होतं. नगरपालिकेने दारावर कागद चिकटवला: अठ्ठावीस दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर आम्ही पाडू आणि बिल तुम्हाला पाठवू.

दुरुस्तीचा अंदाज अकरा हजार चारशे. डोरीनच्या पासबुकात नऊशे सहा.

"पण मी सर्व्हे केला होता," डोरीन म्हणत राहिली. "सगळ्यात महागडा. हेस्टरने सांगितला तो."

मग हेस्टरने तो अहवाल पहिल्यांदा हातात घेतला, आणि तिचा चहा कपातच राहिला.

अहवाल दुसराच होता.

२

हेस्टरला कळणारच होतं. एकतीस वर्षं ती इंगमचे अहवाल टाइप करत होती, निवृत्तीनंतरही घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. हॉल्मक्लफ गावातल्या कुठल्या घरात कुठे ओल आहे, हे तिला त्या घरच्या माणसांआधी कळायचं.

डोरीनला तिनेच समजावून सांगितलं होतं. "हे बघ, बँकेचा माणूस येतो तो बँकेसाठी. बाहेर उभा राहतो, किंमत लिहितो, जातो. निम्मं गाव त्यालाच सर्व्हे समजतं आणि मग रडतं. मधला असतो तो छापील फॉर्मवर. जे सहज दिसेल तेवढं बघायचं, चौकोन भरायचे. भरलेलं कपाट हलवत नाहीत, चिकटलेलं झाकण उघडत नाहीत. तिसरा पूर्ण. त्यात इंगम पोटावर सरपटत माळ्यावर जातो आणि भिंतीवर पोराने काढलेलं चित्रसुद्धा लिहून आणतो. जुन्या घराला तिसराच. फॉर्मवर तिसऱ्या चौकोनात खूण कर."

डोरीनने स्वतः इंगमच्या कचेरीत जाऊन खूण केली होती, तीनशे चाळीस पौंड रोख भरले होते. पावती तिच्या पर्समध्ये होती. आणि हातातला अहवाल मधला, दोनशे दहावाला. त्यात दोन ओळी होत्या: 'छताखालची जागा: झाकण रंगाने चिकटलेलं, पाहता आलं नाही. पुढची झोपायची खोली: भिंतभर बांधीव कपाट, भरलेलं; मागची बाजू पाहता आली नाही.'

"तू माझी मैत्रीण," डोरीन हळू आवाजात म्हणाली, "पण तू इंगमचीही माणूस आहेस. तुझ्या हातून गेला असेल ना हा?"

"माझ्याकडे आलाच नाही, डोरीन. मधला फॉर्म तो हाताने भरतो."

"मग तेव्हाच विचारायचं होतंस, माझ्याकडे का आला नाही म्हणून!"

हे खरं होतं आणि झोंबणारं होतं. ऑक्टोबरात अहवाल आल्याचं डोरीनने सांगितलं तेव्हा हेस्टरला लागलं होतं: इंगमने दुसरी टायपिस्ट धरली! विचारायला जाणं तिच्या अभिमानात बसत नव्हतं. "ठेवली असेल एखादी तरुण पोरगी," तिचा नवरा आर्नल्ड वर्तमानपत्रामागून म्हणाला होता, आणि विषय तिथेच संपला होता.

आताही आर्नल्ड खिडकीपाशी बसून पाइप कोरत होता. चाळीस वर्षं गवंडीकाम आणि सुतारकाम केलेला माणूस. बोलणं कमी, खर्च त्याहून कमी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोळशाचा दिवस, कचऱ्याचा दिवस, सगळं त्याच्या जाड सुतारी पेन्सिलीने लिहिलेलं. सैन्यात दोन वर्षं जर्मनीत काढून त्याने एवढंच आणलं होतं की तो सातच्या आकड्याच्या पोटातून, तिकडच्या लोकांसारखी, आडवी रेघ मारायचा. हॉल्मक्लफमध्ये त्यावरून त्याची टिंगल व्हायची.

"मी आधीच म्हणत होतो," तो म्हणाला, "ते घर घेऊ नकोस. चढ फार आहे."

"चढाने नाही पडलं ते, आर्नल्ड," डोरीन म्हणाली आणि कोट घालून निघाली. दारात ती वळली. "अठ्ठावीसातले पाच दिवस गेले, हेस्टर. सर्व्हे बदलला कुणी, एवढं शोधून दे. नाहीतर इंगम म्हणतोय तेच खरं होईल. तो म्हणतो, मीच पैसे वाचवायला बदलला आणि विसरले."

३

"आम्ही हवेतून बदल करत नाही, मिसेस होलरॉइड," इंगम म्हणाला. "बेरिल, ती चिठ्ठी दाखव."

बेरिल ऑक्टोबरात नवी लागली होती. बाजूच्या गावची, गावातल्या कुणाला ओळखत नव्हती. तिने खणातून चिठ्ठी काढली.

"फोन आला होता. वयस्कर पुरुष. म्हणाला, मिसेस क्लेगच्या वतीने बोलतोय, कुठला सर्व्हे लवकर होईल? मी म्हटलं, मधला चार दिवसांत, पूर्णला दोन आठवडे, कारण तो टाइप करायला बाईंकडे जातो. मधल्याला टायपिस्ट लागत नाही. तो म्हणाला, मग तोच करा."

"विचार न करता?"

"एका दमात. मी म्हटलं, फरकाचे एकशे तीस पौंड तुम्हाला परत. चेक पाठवू का? नको म्हणाला, रोख ठेवा, मी नेतो. मला वाटलं यजमान असतील."

"तिचे यजमान अकरा वर्षांपूर्वी गेले."

"ते मला कोण सांगणार?" बेरिल फणकारली. "पाकीट न्यायला आला तेव्हा मी फोनवर होते. टोपी दिसली, पाठ दिसली. सही केली त्याने."

तिने पावतीची प्रत पुढे केली. सही म्हणजे नुसती वळवळ. त्याखाली तारीख: सतरा ऑक्टोबर. "हा आकडा बघा ना," बेरिल म्हणाली, "मला तर आधी तो एफ वाटला."

हेस्टरने पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग तिने चष्मा काढून पुसला आणि इंगमला विचारलं की कचेरीत एवढा गारठा का ठेवता.

बाहेर आल्यावर ती बसथांब्यावर बसून राहिली. दोन बस तिच्यासमोरून गेल्या.

रेघ मारणारे आणखीही असतील, तिने स्वतःला बजावलं. नायजल फर्थ सुट्टीला दरवर्षी परदेशात जातो. आणि घाई त्यालाच होती.

४

पुढचे दोन दिवस हेस्टर नायजलला चोर ठरवायच्या मागे होती. इतक्या आशेने तिने आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं.

"मी कशाला बदलू?" नायजल खुर्चीत मागे रेलला. गुलाबी शर्ट, वय बत्तीस. "लवकर सौदा झाला तर मला आवडतं, कबूल. पण मी वयस्कर वाटतो का तुम्हाला? फोनवरसुद्धा?"

"आवाज बदलता येतो."

"बाई, मला आवाज बदलता आला असता तर मी घरं विकली असती का? नाटकात गेलो असतो." मग तो जरा पुढे झुकला. "तुम्हाला एक सांगू? बाई घर पाहायला आल्या तेव्हा तुमचे मिस्टर सोबत होते. गवंडी माणूस, म्हणून मीच म्हटलं, आत या, बघा. आले नाहीत. फाटकातच उभे राहिले. म्हणे गुडघा दुखतो. वीस मिनिटं फाटकाला टेकून पाइप ओढला."

आर्नल्डच्या गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. त्या आठवड्यात तो छपरावर चढून पन्हळ साफ करून आला होता.

"तुमचा नंबर लिहून द्या मला," हेस्टर म्हणाली.

नायजलने कार्डामागे घरचा नंबर लिहिला. त्यात तीन सात होते. तिन्ही उघडेबोडके, रेघेवाचून.

कीथ लम दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये भेटला, हात तेलाने माखलेले. "मावशीच्या घराचं मला काय माहीत? व्हेरा मावशी एकटी राहायची. लग्न केलं नाही. कपडे फार. ते कपाट तिच्या कपड्यांनी असं गच्च होतं की मी उघडलंही नाही, तसंच विकलं."

"कपाट केलं कुणी?"

"बांधीव आहे, सुबक. माझी आई म्हणायची, व्हेराचा एक मित्र होता, त्याने करून दिलं. आई त्याला 'तो गुरुवारचा' म्हणायची." तो हसला. हेस्टरने न हसता विचारलं, "कधीची गोष्ट?"

"मी शाळेत जायला लागलो तेव्हाची. एकाहत्तर."

"लिहून दे मला. विसरते मी."

कीथने मळक्या बोटांनी कागदाच्या कपट्यावर १९७१ लिहिलं. साधा सात.

घरी जाताना ती डोरीनच्या मागच्या अंगणाकडे वळली. दोरीखाली सागवानी बाक होतं. घर घेतल्यावर आर्नल्डने डोरीनला भेट दिलेलं. हेस्टरला तेव्हा नवल वाटलं होतं. स्वतःच्या बायकोला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला हातमोजे देणारा माणूस! ती खाली वाकली. बाकाच्या पाठीमागे दुकानाचं कागदी लेबल अजून चिकटून होतं.

एकशे एकोणतीस पौंड, पन्नास पेन्स.

५

म्हणजे कोण, हे ठरलं. राहिलं होतं का.

हेस्टरने मनात सगळ्यांचे रकाने पुन्हा मांडले. नायजल, कीथ, बँक, इंगम, प्रत्येकाच्या नावापुढे काहीतरी होतं. आर्नल्डच्या नावापुढे शून्य. त्याने एकशे तीस पौंड खिशातसुद्धा घातले नव्हते. ज्याचे त्याला बाकाच्या रूपाने परत केले होते. कशासाठी माणूस खोटं बोलून, टोपी पुढे ओढून, मैत्रिणीचा सर्व्हे बदलेल, आणि मिळवेल काहीच नाही?

शुक्रवारी दुपारी पालिकेच्या माणसाने डोरीनला पांघरुणं काढायला दहा मिनिटं आत सोडलं. डोक्यावर टोप घालून हेस्टरही गेली.

वरच्या खोलीत आकाश दिसत होतं. पलंगाचं सरपण झालं होतं. भिंतभर कपाटाचा मधला भाग विटांनी चेचला होता, दोन फळ्या बाजूला झुकल्या होत्या, आणि त्यांच्यामागे पंचवीस वर्षांत उजेड न पाहिलेली भिंत पांढरीशुभ्र होती. तिथेच एकेकाळी धुराड्याचा खांब होता. काढल्याचा व्रण गिलाव्याखालूनही कळत होता.

"इथे काहीतरी लिहिलंय," डोरीन म्हणाली.

कारागीर लिहितातच. कागद चिकटवण्याआधी, कपाट ठोकण्याआधी नाव आणि तारीख टाकून ठेवतात. पुढचा कारागीर उघडेल तेव्हा त्याला कळावं की आधी कोण येऊन गेलं. हेस्टरने टाइप केलेल्या अहवालांत अशी शेकडो नावं होती. इंगमला त्यांचा छंदच होता.

या भिंतीवर जाड सुतारी पेन्सिलीने लिहिलं होतं:

'व्हेरासाठी. आर्नल्ड. ऑगस्ट १९७१.'

सातच्या पोटातून आडवी रेघ होती.

डोरीनने वाचलं. मग तिने हेस्टरकडे पाहिलं, आणि हातातली पांघरुणं आधी हळूच जमिनीवर ठेवली.

"हेस्टर," ती म्हणाली, "एकाहत्तरच्या ऑगस्टमध्ये आर्नल्ड स्कारबरोला होता ना? हॉटेलच्या कामाला? तीन आठवडे?"

"हो," हेस्टर म्हणाली. "येताना माझ्यासाठी साखरकांडी आणली होती. आतमध्ये गावाचं नाव असतं ना, तसली. त्यात ब्रिडलिंग्टन लिहिलं होतं."

"मग?"

"म्हणाला, स्कारबरोच्या संपल्या होत्या. मी खाऊन टाकली."

६

आर्नल्ड खिडकीपाशीच होता. हेस्टरने कोट काढला नाही. टेबलावर तिने तीन कागद मांडले: इंगमकडून मागून आणलेली पावती, बाकावरून सोडवलेलं लेबल आणि कॅलेंडरचं फाडलेलं पान.

"मी टाइप करते तसं क्रमाने सांगते," ती म्हणाली. "चुकलं तिथे सांग. डोरीनने घर पाहिलं तेव्हा तू चढाचं कारण काढलंस. तिने ऐकलं नाही. तू फाटकात उभा राहिलास, कारण आत काय आहे ते तुला ठाऊक होतं. मग मीच तिला तिसरा चौकोन सांगितला. म्हणजे इंगम कपाट रिकामं करून फळी काढणार, मागची भिंत बघणार, भिंतीवरचं अक्षर न अक्षर लिहून आणणार. आणि ते हस्ताक्षरातलं बाड कुठे येणार? या टेबलावर. तुझ्या बायकोच्या हाताखाली."

पाइपचा धूर थांबला.

"तू फोन केलास. बेरिल म्हणाली मधल्याला टायपिस्ट लागत नाही, तू म्हणालास मग तोच. ती बिचारी समजली, याला घाई आहे. तुला घाई नव्हतीच, आर्नल्ड. मी तेवढी वाचायला नको होते."

तो म्हणाला, "चोवीस वर्षं उभं होतं ते."

"एवढंच सुचलं?"

"मला वाटलं, आणखी चोवीस राहील. कपाट भिंतभर बसावं म्हणून खांब काढला, मग आधार घालणार होतो. लोखंडी कैच्या, धुराड्याखाली भिंतीत ठोकायचे टेकू, आणूनही ठेवल्या होत्या. मग तिचं आणि माझं... बिनसलं. पुन्हा गेलो नाही."

"म्हणजे काम अर्धवट टाकून आलास."

"हो."

हेस्टरला हसू आलं, आणि ते तिला अजिबात आवडलं नाही. अडतीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या अर्धवट कामाला नावं ठेवत आला होता.

"डोरीन त्या पलंगावर असती तर?"

"नव्हती ना."

"मी केक केला म्हणून नव्हती! तू काय केलं होतंस?"

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्या चांगल्या, ठणठणीत गुडघ्यावर. "डोरीनला सांगू नकोस, हेस्टर. इंगमची विमा कंपनी देईल. त्याच्या कचेरीने न विचारता बदल केला, तो त्यांचा दोष. तू फक्त गप्प राहा. तुझं काय जातंय?"

त्यात तथ्य होतं. तिने गप्प राहायचं, इंगमने भरायचं, बेरिलची नोकरी जायची, आणि या टेबलावर उद्याही दोघांनी अंडी खायची.

"डोरीन भिंतीसमोर माझ्या शेजारी उभी होती," ती म्हणाली. "वाचता येतं तिला."

७

दुरुस्ती एकोणिसाव्या दिवशी सुरू झाली. पालिकेचा माणूस आला, लोखंडी कैच्या नीट मोजल्या आणि दारावरचा कागद काढून घेऊन गेला.

डोरीनने पोलिसांत जायचं नाही असं ठरवलं. कारण विचारल्यावर म्हणाली, "मला घर पाहिजे, आर्नल्डचं मी काय करू?" बाक मात्र तिने परत द्यायला साफ नकार दिला. "माझ्याच पैशांचं आहे. वाहून आणल्याबद्दल फार तर त्याचे आभार सांग." मग दोघी त्या बाकावर दोरीवरच्या चादरीकडे बघत बसल्या. "माझ्याकडे मागची खोली आहे," डोरीन मध्येच म्हणाली. "तिथे कपाट नाही." हेस्टरने मान हलवली, हो की नाही ते डोरीनने विचारलं नाही.

सोमवारी हेस्टर इंगमच्या कचेरीत गेली आणि एक फॉर्म मागितला. स्वतःच्या राहत्या घराचा. विकून दोन भाग करायचे होते.

"विकणाऱ्याला सर्व्हे लागत नाही, मिसेस होलरॉइड," इंगम चाचरत म्हणाला. "तो घेणारा करतो."

"माहीत आहे. मला बघायचंय." तिने तिसऱ्या चौकोनात खूण केली. "टाइप मीच करीन."

त्या संध्याकाळी तिने सवयीने हिशेब मांडला. नायजलला सहाशे पंधरा मिळाले, ते त्याचेच. कीथने एक्केचाळीस हजारांतून गॅरेजला नवं छप्पर घातलं. इंगमला दोनशे दहा, आणि बेरिलला कायमची नोकरी, फोन करणाऱ्याचं नाव विचारायच्या अटीवर. व्हेरा काही न भरता सुटली होती. दुरुस्तीचे अकरा हजार चारशे आर्नल्डने पासबुकातून काढून दिले. व्हिटबीला समुद्रासमोर दोन खोल्या घ्यायच्या म्हणून साठवलेल्या रकमेतून. पासबुक दोघांच्या नावावर होतं, त्यामुळे त्यातले पाच हजार सातशे हेस्टरचे.

एकशे तीसातून एकशे एकोणतीस पन्नास गेले. तो फरक कुठेच बसत नव्हता, आणि न बसणारा हिशेब हेस्टरला झोपू द्यायचा नाही. तिने आर्नल्डला विचारलं. त्याने आधी काही कळत नसल्यासारखं केलं, मग कोटाचा खिसा चाचपला आणि एक नाणं टेबलावर ठेवलं.

पन्नास पेन्स. ऑक्टोबरपासून त्याच्याच खिशात होते.

ते तिने दुसऱ्या दिवशी डोरीनला नेऊन दिले.